दूध संस्थेचं ॲप तपासायचंय? लॅपटॉपवरच चालवा छोटा डीएनएस सर्व्हर

कोल्हापूर : दूध संस्थेसाठी ॲप बनवताना चाचणीची खोटी नोंद खऱ्या खात्यात गेली, तर सभासदाचं दहा दिवसांचं बिल चुकतं. त्यामुळं चाचणी वेगळ्या पत्त्यावरच करावी.

साइटचं नाव टाकलं की तिचा आकडी पत्ता शोधून देतो तो डीएनएस. ही पद्धत १९८३ ची. लॅपटॉपवर डॉकरच्या कंटेनरमध्ये 'डीएनएसमास्क' हा हलका सर्व्हर चालवला आणि 'दूध डॉट टेस्ट'साठी लॅपटॉपचा पत्ता त्यात लिहिला, की ते नाव लॅपटॉपकडंच येतं. 'डॉट टेस्ट' चाचणीसाठीच राखीव आहे, ते कुणाला विकत मिळत नाही.

लॅपटॉपपुरतं होस्ट्स फाइलमध्ये नाव लिहूनही भागतं. मोबाईलमध्ये मात्र ती फाइल सहज बदलता येत नाही, खरा उपयोग इथंच. दोन्ही एकाच वायफायवर जोडा, मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी लॅपटॉपचा आयपी टाका, 'प्रायव्हेट डीएनएस' बंद ठेवा.

अनोळखी माणसाला ही सेटिंग बदलू देऊ नका. बँकेचं नाव टाकून भलत्याच साइटवर जाल. काम झालं की सेटिंग पूर्ववत करा. नाहीतर लॅपटॉप बंद होताच "वायफाय हाय, पण नेट न्हाई" अशी ओरड घरात ठरलेली.