जुनं सहा सिलिंडरचं इंजिन बांधताना: कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतचे भाग कसे निवडायचे?

मागच्या व्याख्यानात आपण ब्लॉक आणि क्रँक मोजून पाहिले. आज वरच्या मजल्यावर जायचं आहे. कॅमशाफ्ट, टॅपेट, पुशरॉड, रॉकर, स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह हे सगळे भाग एकामागून एक एकमेकांना ढकलत असतात. म्हणून यातला एखादा भाग सुटा निवडता येत नाही. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा एवढाच आहे, पण तो विसरला की काय होतं ते आधी सांगतो.

आमच्यासमोर उदाहरण आहे क्रायस्लरच्या 'स्लँट सिक्स' या इंजिनाचं. १९६० च्या मॉडेलपासून ते अमेरिकेतल्या प्लिमथ आणि डॉज गाड्यांमध्ये आलं. सहा सिलिंडर एका रांगेत, पण उभे नाहीत, ३० अंशांनी कललेले. यातलं २२५ घनइंची इंजिन, म्हणजे सुमारे ३.७ लिटरचं, सर्वांत जास्त दिसतं. बोअर ३.४० इंच, स्ट्रोक ४.१२५ इंच. म्हणजे स्ट्रोक लांब, आणि जोर खालच्या फेऱ्यांतच मिळणार. हा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असंच एक इंजिन आम्ही बांधलं होतं. बोअरिंग नवं, बेअरिंग नवे, कॅमशाफ्टही नवा घेतला. जुने टॅपेट हातात घेऊन पाहिले तर गुळगुळीत, चकचकीत. म्हटलं, हे कशाला बदलायचे? तेच घातले. इंजिन सुरू झालं, अर्ध्या तासाच्या आत एका सिलिंडरचा आवाज बदलला. खोलून पाहिलं तर कॅमचा एक लोब घासून जवळजवळ गोल झालेला. निघालेला लोखंडाचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरला आणि नव्या बेअरिंगवर चरे पडले. टॅपेटचे पैसे वाचवायला गेलो आणि अख्खं इंजिन पुन्हा खोलावं लागलं. चूक आमचीच होती.

असं का झालं ते समजून घेऊ. टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण तो किंचित फुगीर घासलेला असतो. कॅमचा लोबही किंचित उतरता असतो. त्यामुळे लोब टॅपेटला मध्यभागी न टेकता थोडा बाजूला टेकतो, आणि उचलता उचलता टॅपेटला फिरवतो. टॅपेट फिरत राहिला की झीज एका जागी साचत नाही. काही हजार किलोमीटर चालल्यावर प्रत्येक टॅपेटचा तळ आपापल्या लोबच्या आकाराला बसलेला असतो. तो नव्या लोबवर ठेवला की फिरेलच याची खात्री नाही. फिरला नाही, तर लोब संपलाच.

म्हणून नियम असा: कॅम नवा, तर बाराच्या बारा टॅपेट नवे. जुना कॅम चांगला असेल आणि तोच ठेवायचा असेल, तर जुने टॅपेट चालतील, पण प्रत्येक टॅपेट त्याच्याच लोबवर परत गेला पाहिजे. त्यासाठी खोलतानाच पुठ्ठ्याला बारा भोकं पाडा, आकडे टाका आणि टॅपेट क्रमाने लावून ठेवा. एका डब्यात सगळे एकत्र टाकले की ते निकामी झाले असं समजा.

नव्या कॅमला पहिली वीस ते तीस मिनिटं फार जपावं लागतं. लोबवर आणि टॅपेटच्या तळाला कॅमची खास पेस्ट लावायची. इंजिन सुरू झालं की ते आयडलवर सोडायचं नाही, साधारण २००० फेऱ्यांवर, थोडं खालीवर करत चालवायचं. कारण कॅमवर ऑइल मुख्यतः क्रँकवरून उडून येतं, आणि मंद फेऱ्यांत ते पुरेसं उडत नाही. ऑइलही बघून घ्यायला हवं. जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग अशा घासणाऱ्या भागांना वाचवतं. पण फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये त्याचं प्रमाण कमी केलेलं आहे. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनाला जस्त जास्त असलेलं ऑइल शोधून घालावं.

आता कोणता कॅम घ्यायचा? इथे मोह होतो. कॅटलॉगमध्ये मोठा कॅम दिसतो, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा. आता असा विचार करा: पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह अजून उघडाच आहे, तर तेवढा वेळ मिश्रण दाबलं न जाता मागे ढकललं जाणार. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळात ८.४ च्या आसपास. त्यात उशिरा बंद होणारा कॅम घातला की प्रत्यक्ष दाब आणखी कमी होतो. चढावर गाडी मरगळते, आयडल हलतं, आणि ज्या वरच्या फेऱ्यांत हा कॅम खुलतो तिथे लांब स्ट्रोकचं हे इंजिन रोजच्या वापरात क्वचितच जातं. रोज चालवायच्या गाडीला कारखान्याचा कॅम, किंवा त्याहून जेमतेम मोठा, हेच उत्तर आहे. मोठा घालायचाच असेल, तर हेड प्लेन करून कॉम्प्रेशन वाढवायची तयारी हवी.

कॅम ठरला की मग स्प्रिंग. या इंजिनात रॉकरचं प्रमाण १.५ आहे. कॅमने टॅपेट ५ मिलिमीटर उचलला, तर व्हॉल्व्ह साधारण ७.५ मिलिमीटर उघडतो. कॅमची उंची वाढली की दोन गोष्टी मोजायच्या. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, आणि वरची वाटी गाइडवर किंवा सीलवर आपटत नाही ना. दोन्हीकडे दीड मिलिमीटर तरी मोकळं राहिलं पाहिजे. कमजोर स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर बसवत नाही, पण उगाच कडक स्प्रिंग लावली तर तो सगळा भार लोबवरच पडतो. म्हणून कॅम बनवणाऱ्याने सांगितलेलीच स्प्रिंग घ्यायची. आणखी एक गोष्ट. सीट घासली की व्हॉल्व्ह थोडा खोल बसतो, स्प्रिंगला जागा जास्त मिळते आणि ती सैल पडते. तेवढ्या जाडीची शिम खाली घालावी लागते.

पुशरॉड आणि रॉकर निवडताना इंजिनाचं वर्ष पाहा. १९८० पर्यंतच्या स्लँट सिक्समध्ये साधे टॅपेट आहेत आणि रॉकरवर गॅप सेट करायचा स्क्रू आहे. १९८१ पासून हायड्रॉलिक टॅपेट आले. त्यांचे कॅम, पुशरॉड आणि रॉकर वेगळे. भंगारात मिळाले म्हणून अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे जोडू नका. घ्यायचं तर पूर्ण संच.

हायड्रॉलिक इंजिनात स्क्रू नसल्यामुळे लांबीचा हिशेब काटेकोर लागतो. हेड प्लेन केलं की रॉकर कॅमच्या जवळ येतो. सीट घासली की व्हॉल्व्हचं टोक वर येतं. दोन्हीमुळे पुशरॉड जणू लांब झाल्यासारखी होते, टॅपेट आतून पूर्ण दाबला जातो आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. कॅम पुन्हा घासून घेतला असेल तर उलट, टॅपेट खाली बसतो आणि पुशरॉड आखूड पडते. साध्या टॅपेटच्या इंजिनात हा फरक बहुतेक वेळा स्क्रू सांभाळून घेतो.

आता गॅपबद्दल, कारण नवा संच टिकणार की नाही हे इथे ठरतं. साध्या टॅपेटच्या स्लँट सिक्सला इंजिन गरम असताना इनटेकला १० थाउ आणि एक्झॉस्टला २० थाउ गॅप ठेवायचा. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एवढ्या गॅपला हे इंजिन टिकटिक करतंच. मालकाला तो आवाज खटकतो, मेकॅनिक गॅप कमी करून देतो, गाडी शांत होते. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता तो बंद असतानाच सीटमधून हेडमध्ये जाते. गॅप संपला की व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, गरम वायू फटीतून निसटतात आणि काठ जळतो.

हाच गॅप आपल्याला आतली बातमीही देतो. दर वेळी तपासताना वहीत लिहून ठेवा. एखाद्या व्हॉल्व्हचा गॅप वाढतच चालला, तर बहुधा त्याचा लोब किंवा टॅपेट झिजतो आहे. एक्झॉस्टचा गॅप कमी कमी होत गेला, तर सीट खचते आहे. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीटवर थर धरून तिला वाचवायचं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ पासून बंद झालं, आपल्याकडे २००० पासून. म्हणून हेड उघडलेलंच आहे आणि गाडी लांब, वेगात चालवायची आहे, तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घेणं शहाणपणाचं.

तेव्हा दुकानात जाण्याआधी कागदावर हा क्रम लिहा: गाडी कशासाठी वापरणार, त्यावरून कॅम, कॅमबरोबर टॅपेट, कॅमला साजेशी स्प्रिंग, मग हेडचं काम, आणि शेवटी मोजून पुशरॉड. फिलर गेज आणि वही मात्र गाडीतच ठेवा. पुढच्या वेळी आपण टायमिंग चेन आणि ऑइल पंपाकडे वळू.