शेलच्या पोटात : कात्री शेवटी

पाइपचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाने विचारलंय : शेल ओळ वाचायला घेतो, तेव्हा ती किती लांब निघणार हे त्याला आधी कसं कळतं?

कळतच नाही. इकोपुढे अवतरणचिन्ह उघडलंत की ते बंद होईपर्यंत शेल अंधारात. आत उलट्या अवतरणांत एखादी कमांड असेल, तर तिचं आउटपुट दहा अक्षरं निघेल नाहीतर दहा पानं. दर स्ट्रिंगसाठी मेमरी वाटणाऱ्या मॅलॉकपुढे हात पसरायचा आणि काम झालं की घेतलेलं परत करायचं, असंही करता येतं. पण मध्येच कंट्रोल-सी दाबलंत, तर परत कोण करणार?

केनेथ अल्मक्विस्टने 1989 मध्ये ॲश शेल प्रसिद्ध केला. त्यातली मेमरीची फाइल इतकी आटोपशीर आहे की चहा संपेपर्यंत वाचून होते. ॲश स्वतःचा एक स्टॅक राखतो. त्याच्या माथ्यावरच्या मोकळ्या जागेत तो अक्षरं लिहीत सुटतो, स्टॅकचा पॉइंटर मात्र जागचा हलवत नाही. कापडवाला तागा उलगडत जातो, कात्री लावतो ती गिऱ्हाईक ‘बास’ म्हणाल्यावर, तसं. स्ट्रिंग पुरी झाली की वापरलं तेवढ्यापुरता पॉइंटर पुढे. जागा संपली तर मोठा ब्लॉक घ्यायचा. त्यात मजकूर दुसरीकडे हलू शकतो, म्हणून अर्धवट स्ट्रिंगचा पत्ता कुठे लिहून ठेवायचा नाही, सुरुवातीपासूनचं अंतर ठेवायचं. कमांडपूर्वी खूण करायची. कमांड संपो वा कंट्रोल-सी येवो, पॉइंटर खुणेवर मागे. पार्स ट्री, स्ट्रिंगा, सगळं एका फटक्यात मोकळं.

स्टॅकवर स्ट्रिंग रचायची ही रीत जुनीच. एडिसनपासून फार लांब नसलेल्या मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह बोर्नने लिहिलेला शेल 1979 च्या सातव्या युनिक्समधून बाहेर आला, त्यातही ती होती. पण बोर्न जागा उरली का हे तपासायच्या भानगडीत पडायचा नाही. हद्दीपलीकडे अक्षर लिहिलं की हार्डवेअर बोंब मारणार, सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल शेल पकडणार, मेमरीची हद्द पुढे सरकवणार आणि अडलेली सूचना पुन्हा चालणार! ज्या सिग्नलने इतर प्रोग्राम मरतात, त्यावर हा वाढायचा. मला हे धाडस भारी आवडतं. माझ्या कोडमध्ये मात्र नको. मोटोरोला 68000 वर ते अंगाशी आलंच. फॉल्टनंतर तीच सूचना पुन्हा चालवायला लागते तेवढी माहिती ती चिप जपतच नसे. ती सोय 68010 मध्ये झाली. अल्मक्विस्ट मुकाट्याने दर अक्षरामागे शिल्लक जागेतून एक वजा करतो.

उबुंटूवर 2006 पासून एसएच म्हणजे याच ॲशचा वंशज, डॅश. त्याचा सोर्स उघडा. ब्लॉकचा किमान आकार 504 बाइट, आणि वर टीप : अल्ट्रिक्स या युनिक्सच्या मॅलॉकला हा आकार मानवतो. माझा हिशेब असा : आधीच्या ब्लॉकचा पॉइंटर 4, मॅलॉकची स्वतःची नोंद 4, की झाले 512. अल्ट्रिक्स कधीच इतिहासजमा झालं, 504 अजून नोकरीवर आहे.