दहापर्यंत मोजता येतं ना?

'डिझाइन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऑटोकॅडची स्क्रीन येते. पण गडचिरोलीत एक असं उपकरण तयार झालं की त्यात सर्किट नाही, सेल नाही, आणि वापरणाऱ्याला लिहिता-वाचता यायचीही गरज नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 च्या सुमारास 'सर्च' या संस्थेमार्फत तिथे काम सुरू केलं. लहान बाळं न्यूमोनियाने दगावत होती. दवाखाना लांब, डॉक्टर गावात नाही. गावात कायम असते ती दाई. मग निदान तिनेच का करू नये?

न्यूमोनियाची मुख्य खूण म्हणजे धाप. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, आणि दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 किंवा जास्त असले, तर धोका. अडचण अशी, की बऱ्याच दायांना एवढे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एका पट्टीवर मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी बसवल्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळासाठी सहा मणी, मोठ्यासाठी पाच, शेवटचा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर औषध सुरू! म्हणजे दहापर्यंत मोजता आलं की झालं.

पुढे 1995 पासून 39 गावांत 'घरोघरी नवजात बालसेवा' सुरू झाली. गावातलीच थोडी शिकलेली बाई आरोग्यदूत. बाळंतपणाला दाईबरोबर ही हजर. नंतर घरी जाऊन बाळाचं वजन करणार, ते गार पडू नये म्हणून कसं गुंडाळायचं ते दाखवणार, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणार. बाहेरच्या माणसाचं भाषण लोक ऐकून सोडून देतात. पण आपल्याच गावची बाई बाळाजवळ बसून सांगते, तेव्हा आजीसुद्धा ऐकते.

हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू त्या गावांत 62 वरून तीन वर्षांत सुमारे 25 वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांत ते जवळपास तेवढेच राहिले. हे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि 2011 मध्ये सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेली.

मित्रांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट निवडताना एकच प्रश्न विचारा: हे वापरणार कोण, आणि त्याला काय येतं? दाईला दहापर्यंत मोजता येतं, इथूनच त्या पट्टीचं डिझाइन सुरू झालं होतं.