फ्रीज गार होत नाही? आधी एवढे तपासा

उन्हाळ्याचे दिवस. सकाळी फ्रीज उघडावा, तर रात्रीचे दूध नासलेले आणि कोथिंबीर मलूल. दुधाचे नुकसान एका दिवसाचे. पण त्याच फ्रीजमध्ये आजोबांचे इन्सुलिन किंवा जनावरांची लाळ-खुरकुताची लस असेल तर? या दोन्ही गोष्टी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. उष्णतेने त्यांचा गुण जातो आणि बाटलीकडे पाहून ते ओळखू येत नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्या. फ्रीज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणूनच आतले पदार्थ गार राहतात. तेव्हा कारागिराला बोलावण्यापूर्वी ही उष्णता कुठे अडते आहे ते पाहा.

पहिली जागा पाठीमागची जाळी. चुलीजवळचा धूर आणि धान्याची धूळ तिच्यावर बसते. पिन काढून मऊ ब्रशने जाळी झाडा. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे आणि चुलीपासून लांब ठेवा. काही नव्या फ्रीजना बाहेर जाळी नसते. त्यांच्या बाजू कोमट लागतात. तो बिघाड नव्हे, पण तिथेही हवा खेळू द्या.

दुसरी जागा दाराचे रबर. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला, तर तिथून गरम हवा आत शिरते आहे. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. फाटले असेल तर बदला.

तिसरे, बर्फ. बर्फाचा जाड थर उष्णता उचलू देत नाही. पिन काढून तो आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडू नका. नळी फुटली तर गॅस जातो, आणि आजच्या बऱ्याच फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो.

चौथे, वीज. यंत्र नुसते गुरगुरून 'टक्' आवाज करीत बंद पडत असेल, तर विजेचा दाब कमी असू शकतो. स्टॅबिलायझर बसवा. वीज गेली तर ती परत आल्यावर पाच मिनिटे थांबूनच फ्रीज सुरू करा.

गरम दूध आत ठेवू नका आणि फ्रीज ठासून भरू नका.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर कारागिराला बोलवा. यंत्र सतत चालू असून जाळी थंडच असेल, तर बहुधा गॅस गेलेला असतो. फ्रीजला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या.

शेवटी, मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा. पारा ८ च्या वर गेला, तर औषध डॉक्टरांना आणि लस पशुवैद्यांना विचारल्याशिवाय वापरू नका. इन्सुलिन किंवा ही लस बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नका. गोठल्यानेही ती वाया जाते.