एबोनाइट : कठीण रबर व त्याचे उपयोग

शाळेच्या विज्ञानपेटीत काचेच्या कांडीशेजारी एक काळी, गुळगुळीत कांडी असते. ती रबराची आहे, असे सांगितल्यावर विद्यार्थ्यांना सहसा खरे वाटत नाही. ही शंकाच पाठाचा उत्तम प्रारंभ ठरू शकते.

कच्चे रबर उष्णतेने चिकट होते व थंडीत कडक होते. त्यात गंधक मिसळून तापविल्यास हा दोष जातो, असे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये आढळून आले. या क्रियेस व्हल्कनीकरण म्हणतात. गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्या एकमेकींशी जोडतात. सायकलच्या ट्यूबमध्ये गंधक अल्प असतो. तोच शेकडा 30 च्या आसपास घालून दीर्घकाळ तापविल्यास साखळ्या जागोजाग जखडल्या जातात व लवचिकपणा नाहीसा होतो. चार्ल्स यांचे बंधू नेल्सन यांनी 1851 मध्ये अशा कठीण रबराचे एकस्व मिळविले. इंग्रजीत एबनी म्हणतात त्या आबनुसाच्या काळ्या लाकडाशी साम्य असल्यामुळे त्यास एबोनाइट हे नाव पडले.

एबोनाइट विजेचे दुर्वाहक आहे, अनेक आम्लांना दाद देत नाही आणि लाकडाप्रमाणे लेथवर कातता येते. म्हणून एके काळी कंगवे, टेलिफोनचे भाग व मोटारीच्या बॅटरीच्या पेट्या त्याच्या बनत. आज या पेट्या बहुधा प्लास्टिकच्या असतात. परंतु एबोनाइटची फाउंटनपेने अद्यापि बनतात. राजमहेंद्रीचे रत्नम् हे अशा पेनांसाठी प्रसिद्ध झाले. त्यांनी पाठविलेल्या स्वदेशी पेनाबद्दल गांधीजींनी 1935 मध्ये वर्ध्याहून त्यांना आभाराचे पत्र लिहिले होते.

पाटोद्यासारख्या कोरड्या हवेच्या भागात हिवाळ्यात कांडीचा प्रयोग चांगला साधतो. कोरड्या घोंगडीच्या तुकड्याने कांडी घासली असता तिच्यावर ऋण विद्युद्भार येतो व ती कागदाचे कपटे ओढून घेते. पावसाळ्यात दमट हवेमुळे भार टिकत नाही. त्या वेळी विद्यार्थ्याच्या हाताला दोष देऊ नये.

कांडी उन्हात ठेवू नये. प्रकाशाने तिच्या पृष्ठभागावरील गंधकापासून आम्लाचा सूक्ष्म थर बनतो, रंग तपकिरी पडतो आणि प्रयोग फसू लागतो. ती कापडात गुंडाळून पेटीत ठेवावी.

कांडी नसल्यास जुन्या बॅटरीची पेटी फोडून तुकडा मिळवू नये व मुलांनाही तसे करू देऊ नये. तीत शिसे व गंधकाम्ल राहिलेले असते. त्याऐवजी प्लास्टिकची पट्टी पुरेशी होते. मात्र ती एबोनाइट नव्हे, हे विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगावे.