जुन्या कापणी-मळणी यंत्राची दुरुस्ती

१९४४ सालीं, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, अमेरिकेंत गव्हाच्या सुगीला माणसें मिळेनाशीं झालीं. तेव्हां मॅसी-हॅरिस या कॅनडांतील कंपनीचीं सुमारें ५०० स्वयंचलित कंबाइन यंत्रें दक्षिणेकडून उत्तरेकडे, पीक पिकत जाईल तसतशीं, शेतोशेतीं फिरलीं. कापणें, मळणें आणि उफणणें हीं तिन्ही कामें एकाच फेरींत उरकणाऱ्या या यंत्राची अंतर्रचना पुढें पुष्कळ वर्षें फारशी पालटली नाहीं. सुगीच्या दिवसांत पंजाबांतून मध्य प्रदेश व महाराष्ट्राकडे येणाऱ्या अनेक यंत्रांच्या पोटांतहि त्याच जातीचा ड्रम असतो.

खळ्यावर जें काम बैलांचे पाय आणि सूप करीत, तेंच येथें लोखंड करतें. पुढचीं पातीं ताटें कापतात. वेगानें फिरणारा ड्रम आणि त्याखालची वक्र जाळी यांच्यामधील फटींत पीक शिरलें, कीं ड्रमवरील खांचेदार पोलादी पट्ट्या ओंब्या जाळीवर घासतात आणि दाणे सुटतात. काड हलत्या चौकटींवरून मागें जातें, व भूस पंख्याच्या वाऱ्यानें चाळणीवरून उडून जातें.

झीज प्रथम होते ती या खांचांची. त्या गुळगुळीत झाल्या, कीं ओंब्या अर्ध्यामुर्ध्याच मळल्या जातात. मालक तें पाहतो आणि फट कमी करतो, किंवा ड्रमचा वेग वाढवितो. उपाय सोपा, खर्चहि नाहीं! परंतु झिजलेली पट्टी घासत नाहीं, ती नुसती आपटते. दाणे फुटतात, काडाचा चुरा होतो, चुऱ्यानें चाळणी भरते, आणि चांगला गहूं भुशाबरोबर शेतांत पडतो. मग दोष दिला जातो तो बिचाऱ्या चाळणीला. जुळणीनें झीज भरून निघत नाहीं. आधीं पट्ट्या बदलाव्या, मग फट जुळवावी.

पट्ट्या बदलतांना समोरासमोरची जोडी एकदम बदलावी लागते. मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेणाऱ्या ड्रमचा तोल थोडा जरी ढळला, तरी बेअरिंगें टिकत नाहींत. पट्ट्यांच्या तिरप्या खांचा आळीपाळीनें डाव्या-उजव्या अंगास झुकलेल्या असाव्या. साऱ्या एकाच अंगास झुकल्या तर पीक एका बाजूस गोळा होतें. जाळीच्या आडव्या सळ्यांच्या कडाहि तपासाव्या. त्या गोल झाल्या असतील, तर नव्या पट्ट्यांनीं अर्धेंच काम होईल. नंतर ड्रम हातानें फिरवून सर्वांत उंच पट्टी कोणती तें शोधावें आणि तिच्यापासून फट मोजावी: डावीउजवीकडे सारखी, पुढें रुंद, मागें अरुंद.

त्रिकोणी पातीं बोथट झालीं असतां ताट कापलें न जातां ओढलें जातें, आणि पक्व दाणा तेथेंच गळतो. कांहीं जुन्या यंत्रांत हलत्या चौकटी तेलांत मुरविलेल्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यांवर फिरतात. हा प्रकार गांवठी वाटेल. पण धुळींत तें लाकूड उत्तम काम देतें, आणि झिजलें तर बदलणें स्वस्त पडतें.

नुकसान किती होतें हें गुडघ्यांवर बसून मोजतां येतें. चौरस फुटांत गव्हाचे २० दाणे पडलेले आढळले, तर एकरीं सुमारें २७ किलो गहूं मातींत गेला असें समजावें. कापणीपूर्वींच गळलेले दाणे त्यांतून वजा करावे. आणि मागें काडाचा पट्टा अरुंद पडत असल्यामुळें कापलेल्या संपूर्ण रुंदीवर ठिकठिकाणीं मोजून सरासरी काढावी. ओंबींतच दाणे राहिले असतील, तर दोष ड्रम-जाळीचा. सुटे दाणे काडाखालीं सांपडले, तर हलत्या चौकटींचा किंवा चाळणीचा. मात्र एका वेळीं एकच जुळणी बदलावी, नाहींतर कशानें गुण आला तें कळत नाहीं.

यांपैकीं कोणतेंहि काम एंजिन बंद करून, किल्ली खिशांत घालूनच करावयाचें. एंजिन थांबल्यावरहि जड ड्रम कांहीं वेळ फिरत राहतो; तो पूर्ण थांबेपर्यंत झांकण उघडूं नये.