गुडघ्याचें दुखणें आणि शब्दांचें माप

ज्वर मोजावयास तापमापक आहे. परंतु वेदना मोजावयाची कशी? तिचें माप रोग्याच्या मुखांतूनच घ्यावें लागतें. याकरितां डॉक्टर प्रश्नावली वापरतात. १९८२ सालीं कॅनडांतील वेस्टर्न ऑंटेरिओ व मॅकमास्टर या विद्यापीठांतील संशोधकांनीं गुडघ्याच्या व खुब्याच्या संधिवाताकरितां अशी एक प्रश्नावली रचिली. तिला 'वोमॅक' म्हणतात. तींत २४ प्रश्न आहेत: ५ वेदनेचे, २ सांध्याच्या ताठरपणाचे व १७ नित्याच्या हालचालींचे. त्रास मुळींच नसल्यास ०, अतिशय असल्यास ४, असे गुण द्यावयाचे.

हे प्रश्न इंग्रजींत होते. मग स्पॅनिश बोलणाऱ्या रोग्यांचें काय? कोश उघडून शब्दास शब्द ठेविला म्हणजे झालें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण पायमोजे चढवितांना कितीसा त्रास होतो, हा साधा प्रश्न पाहा. 'मेदियास' हा शब्द स्पेनमध्यें स्त्रियांच्या लांब, तलम मोज्यांस लावितात. अर्जेंटिनांत त्याच शब्दानें साधे पायमोजेही समजतात. स्पेनमधील एखाद्या वृद्ध पुरुषास केवळ 'मेदियास'विषयीं विचारलें, तर "मी ते वापरीतच नाहीं, मग त्रास कसला?" असें म्हणून तो शून्यावर खूण करील. दुखणें तसेंच राहील, आणि कागदावर मात्र गुडघा बरा दिसेल!

म्हणून भाषांतराची एक शिस्तशीर पद्धति ठरली आहे. दोघे जण स्वतंत्रपणें भाषांतर करितात. तीं दोन्हीं ताडून एक मसुदा सिद्ध होतो. मग मूळ प्रश्न न पाहिलेले दुसरे भाषांतरकार त्या मसुद्याचें पुन्हां इंग्रजी करितात. अर्थ कोठें ढळला, तें येथें उघडकीस येतें. नंतर तज्ज्ञांची समिति शब्द निश्चित करिते, आणि तीसचाळीस रोग्यांस "यावरून आपण काय समजलां?" असें विचारण्यांत येतें. शेवटीं, प्रकृतींत पालट न झालेल्या रोग्यांस कांहीं दिवसांनीं तेच प्रश्न पुन्हां घालतात. उत्तरें जुळलीं तरच माप विश्वसनीय ठरतें. स्पेनमध्यें अशी पारखलेली 'वोमॅक' २००२ सालीं प्रसिद्ध झाली.

आपल्या घरींही हा विचार उपयोगी आहे. मूळ 'वोमॅक'मध्यें मांडी घालून बसण्याचा प्रश्नच नाहीं. आमच्या आजीस मात्र पाटावर बसतांनाच कळ येते. तेव्हां वडील मंडळींस "गुडघा दुखतो का?" एवढेंच न पुसतां "खालीं बसवतें का? जिना उतरवतो का?" असें पुसावें. दुसऱ्याची वेदना डोळ्यांस दिसत नाहीं. ती जाणावयास योग्य शब्दच हवा.